ब्रेल यंत्रं वाटलीत, आता त्यावर एक मराठी शब्द लिहून पाहा: मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

स. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. ब्रेलचं यंत्र शिक्षणात मोडतं, कल्याणात मोडतं की माहिती-तंत्रज्ञानात, हे ठरेपर्यंत फाइल इतकी हिंडते की यंत्राची वॉरंटी संपते. मंचावरून शब्द तुम्ही दिला होता, म्हणून पत्र तुम्हाला. "मराठीत लिहिता-वाचता येईल असा ब्रेल नोटटेकर प्रत्येक अंध विद्यार्थ्याच्या हातात देऊ," असं तुम्ही म्हणालात. नोटटेकर म्हणजे ब्रेलच्या कळांनी लिहायचं आणि उठणाऱ्या ठिपक्यांच्या ओळीवर बोटांनी वाचायचं छोटं यंत्र. यंत्रं आली, वाटली गेली, फोटोही छापून आले. मराठी तेवढी यायची राहिली.

तक्रार केली तर तुमच्या कार्यालयाचं उत्तर आलं: "यंत्रे सुस्थितीत असल्याचा अहवाल प्राप्त." अहवाल देणाऱ्याने बटण दाबलं असेल, दिवा लागला असेल, झालं सुस्थितीत. म्हणून बिघाड कुठे आहे ते खुलासेवार लिहितो.

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, त्यांतून ६३ आकृत्या होतात. त्याच आकृत्या इंग्रजीला आणि त्याच मराठीला. कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर, हे यंत्रातला तक्ता ठरवतो. वाटलेल्या यंत्रांत तक्ता आहे तो इंग्रजीचा. मुलाने 'मराठी' लिहिलं: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. पाच आकृत्या, एकही चूक नाही. फाइल शिक्षकांच्या संगणकावर उघडली की तिथे दिसतं एम-आर-ए-आर-डब्ल्यू-आय-एन. कारण कान्याची आकृती इंग्रजी संक्षेपात, म्हणजे अक्षरांच्या जोडीला एकच आकृती देण्याच्या पद्धतीत, 'एआर' होते, ठ चा डब्ल्यू होतो आणि दीर्घ वेलांटीचं 'आयएन'. 'गणेश' लिहिलं तर आणखी मजा. घरातल्या ठिपक्यांना १ ते ६ क्रमांक असतात. ण ची आकृती ३-४-५-६, आणि इंग्रजीत हीच आकड्याची खूण. ब्रेलमध्ये आकडे अक्षरांच्याच आकृत्यांनी लिहितात, म्हणून तिच्यापुढे मात्रा आली की यंत्र ५ वाचतं. बुद्धीची देवता यंत्रात शिरताच तिच्या पोटात पाचचा आकडा!

हा तक्ता विकतही आणावा लागत नाही. लिबलुई नावाच्या ब्रेल रूपांतराच्या मुक्त प्रणालीत मराठीचा तक्ता आहे. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तीच वापरतो. निविदेत एक वाक्य हवं होतं: "भारती ब्रेलमधून युनिकोड देवनागरी आणि उलट, दोन्ही बाजूंनी रूपांतर." भारती ब्रेल म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल, आणि युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षर मराठीच राहतं ती पद्धत. या वाक्याऐवजी यंत्राचा रंग आणि पिशवीवर छापायचं बोधचिन्ह यांची कलमं मात्र तपशीलवार होती.

दोन्ही बाजूंनी, हे शब्द कृपा करून अधोरेखित करा. ब्रेल नोटटेकरकडून काय हवं, असं विचारलंत तर आमचं पहिलं उत्तर हेच. मुलाने ब्रेलमध्ये लिहिलेलं डोळस शिक्षकाला देवनागरीत वाचता आलं पाहिजे, आणि शिक्षकाने टाइप केलेलं मुलाच्या बोटाखाली आलं पाहिजे. एवढं जमलं तर सर्वसाधारण शाळेत बसलेल्या अंध मुलाची वही तपासली जाईल. हे जमत नसेल तर ब्रेल पाटी आणि ठिपके टोचायचा स्टायलस काय वाईट होते? निदान त्यांना चार्जिंग लागत नाही.

तुमच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं म्हणे, "आता मोबाइल बोलतो की, ब्रेल हवंच कशाला?" साहेब, तुमच्या मुलांना पहिलीपासून नुसती श्राव्य पुस्तकं द्या, वही-पेन काढून घ्या आणि दहावीला मराठीचा पेपर लिहायला बसवा. 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. फोनच्या आवाजात दोन्ही सारखेच. जोडाक्षर कसं लिहायचं, स्वल्पविराम कुठे पडतो, बीजगणितातला कंस कुठे मिटतो, हे बोटाला कळतं, कानाला नाही.

आता ठिपके. महागड्या यंत्रांत प्रत्येक ठिपक्याखाली पायझोची पट्टी असते. तिला सुमारे २०० व्होल्ट मिळाले की ती वाकते आणि पिन अर्धा मिलिमीटरभर वर येते. स्वस्त यंत्रांत दुसरी युक्ती असते. त्यात ठिपके पक्के उठतात, पण ओळ बदलायला वेळ लागतो आणि टकटक आवाज होतो. आमची त्याला ना नाही. अंध माणसाला चकाकी नको, ठाम ठिपका हवा. पण घामट बोटं, धूळ आणि कोकणातली दमट हवा या तिन्हींचा थर पिनेच्या भोकात बसला की पिन अडकते. बसलेल्या एका ठिपक्याने काय होतं बघा. चौथा ठिपका उठेनासा झाला की म चा क होतो, प चा ल होतो. आकड्यांत ४ चा ५ होतो आणि ३ चा १. परीक्षेचा बैठक क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक अशा घरावरून वाचणाऱ्याला आपण चुकीचं वाचतोय हे कळायला मार्गच नसतो.

बऱ्याच यंत्रांत ब्रेलचं एकेक घर सुटं निघतं. जुनं काढून नवं बसवायला जाणकाराला फार वेळ लागत नाही. पण सुटी घरं राज्यात कुठेच ठेवलेली नसतील तर एका ठिपक्यासाठी अख्खं यंत्र कुरियरने परराज्यात जातं, तिथून परदेशात, आणि तोवर वार्षिक परीक्षा उरकते. म्हणून मागणी अशी की दर शंभर यंत्रांमागे ठरावीक सुटी घरं, बॅटऱ्या आणि चार्जिंगचे सॉकेट आधीच विकत घ्यावेत, प्रत्येक महसुली विभागात दुरुस्ती शिकलेला एक माणूस असावा आणि यंत्र दुरुस्तीला गेलं की त्याच दिवशी बदली यंत्र मिळावं. पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च मूळ किमतीतच धरा. सर्वांत कमी बोलीवाल्याला ठेका देता, तो एक वर्षानंतर फोन उचलत नाही, आणि तुम्ही म्हणता अंध मुलांना यंत्रं सांभाळता येत नाहीत!

बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी हवी, आतमध्ये चिकटवलेली नको. चार्जिंग टाइप-सीचं, म्हणजे गावातल्या दुकानातली केबलही चालेल. बटण दाबताच काही सेकंदांत लिहायला सुरुवात करता यावी, कारण फळ्यावरचं सांगून शिक्षक पुढे जातात. लिहिलेलं क्षणोक्षणी आपोआप जतन व्हावं. घरांच्या वर कर्सर नेण्याची बटणं हवीत, नाहीतर ओळीच्या मधली एक वेलांटी सुधारायला मागे-मागे जात बसावं लागतं. इंटरनेटशिवाय सगळं चालावं. आणि कृपा करून यंत्रात जुनं अँड्रॉइड कोंबून त्याला 'स्मार्ट' म्हणू नका. २०१६ साली आलेला ब्रेलनोट टच हा नोटटेकर अँड्रॉइड ४.४ वर होता. अशी यंत्रं लाखांच्या घरात जातात, ठिपके ठणठणीत राहतात आणि ॲप साथ सोडतात.

२० घरांचं यंत्र पुरे का? नोंदी करायला, हो. ब्रेलचं छापील पान साधारण ४० घरं गुणिले २५ ओळी, म्हणजे १००० घरं. २० घरांवर तेच पान वाचायला ५० वेळा बटण दाबावं लागतं. 'विद्यार्थ्यांना' हा एकच शब्द १५ घरं खातो. तेव्हा शाळकरी मुलाला २० घरं द्या, पण गणित, विज्ञान, कायदा शिकणाऱ्याला ३२ किंवा ४० हवीत. सगळ्यांना एकच माप हा हिशोब गणवेशाच्या कापडाला ठीक आहे. आणि परदेशातूनच आणायला हवं असंही नाही. २० घरांचं ब्रेलमी मुंबईतच तयार झालं आहे.

खरेदीआधी परीक्षा कशी घ्यायची, तेही लिहून देतो, समिती नेमायची गरज नाही. ब्रेल वाचणारी तीन माणसं बोलवा. 'गणेश', 'मराठी', 'काळ' लिहायला लावा, फाइल संगणकावर देवनागरीत उघडा. लिहिता लिहिता मध्येच बॅटरी काढा, परत घाला, किती मजकूर उरला ते बघा. तीनशे पानांचं पुस्तक उघडून थेट दोनशेव्या पानावर जायला सांगा. यंत्र बंद करून दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर उघडतं का ते तपासा. एक दुपार पुरते.

पण यंत्र चांगलं मिळालं तरी त्यात वाचायचं काय? तुमची परिपत्रकं सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेली चित्रं असतात, ठिपक्यांना त्यात एक अक्षर सापडत नाही. ज्यांत अक्षरं असतात ती कुठल्या तरी जुन्या फाँटमध्ये, ज्यात क च्या जागी आत इंग्रजी चिन्ह साठवलेलं असतं. डोळ्याला मराठी, बोटाला कचरा. आणि अंधांसाठीचा अर्ज ऑनलाइन भरायचा तर शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करायचं!

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १७ म्हणतं, लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक उपकरण विनामूल्य द्या. 'योग्य' असं लिहिलंय, 'उपलब्ध' असं नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शक्य तिथे ब्रेल किंवा संगणकावर उत्तरं देण्याचा पर्याय ठेवला. परीक्षा केंद्रावर गेलं की मात्र पर्यवेक्षक यंत्र हातातून घेतो आणि विचारतो, "लेखनिक कुठंय?" मग शेजारचा नववीतला मुलगा आणायचा आणि आपलं इतिहासाचं उत्तर त्याच्या शुद्धलेखनात जाऊ द्यायचं. लेखनिकाशिवाय लिहू शकणाऱ्यालाही लेखनिकाच्या मेहेरबानीवर ठेवणारी ही व्यवस्था आहे, आणि तिला सक्षमीकरण म्हणायचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेले पावणेसहा लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. ही एवढी माणसं तुम्हाला दिसतात ती ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा ब्रेलच्या उपकरणांवरही ५ टक्के कर लागला, तेव्हाही कुणाला संकोच वाटला नाही.

वाटलेली यंत्रं परत मागवू नका, ती गोदामात जातील. पुरवठादाराला बोलावून मराठीचा तक्ता घालून घ्या, तसं करेपर्यंत त्याचं उरलेलं बिल अडवा. परीक्षा केंद्रांना साधं पत्र काढा: वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून, मेमरी कार्ड रिकामं आहे का ते तपासून ब्रेल यंत्र वापरू द्यावं. ही दोन कामं करायला नवा निधी लागत नाही.

उत्तर पाठवाल तर स्कॅन करून पाठवू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर पाठवा, म्हणजे तो आम्हाला कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

आपले,
ब्रेल वाचणारे आणि शिकवणारे काही मतदार