विश्रामबागच्या ताईंना, हळद पेठेतून आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आमच्या पेढीचं हिशोबाचं मशीन बरं करताना तुम्ही जे केलंत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

राजापुरी हळदीची आवक सुरू झाली की सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला मान वर करायला सवड नसते. सौदा निघतो, वजन होतं आणि शेतकरी पट्टीची वाट बघत बसतो. पोती किती, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती पडणार, सगळं त्या एका कागदावर. कर्नाटकातून, मराठवाड्यातून गाडी भाड्याने करून आलेला माणूस तो कागद घेतल्याशिवाय परतीला लागत नाही. अशा दिवसांत आमच्या पेढीवरचं हिशोबाचं मशीन मध्येच गोठायचं. ते लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीवर, चालतं. माउस हलायचा, पण पट्टी निघायची नाही. थोड्या वेळाने आपोआप चालू. एकदा तर सगळ्या फाइली रीड-ओन्ली झाल्या, म्हणजे नुसत्या वाचता येत होत्या, त्यांत काही लिहिता येत नव्हतं, आणि दिवाणजींनी संध्याकाळपर्यंत पट्ट्या हाताने लिहिल्या.

डिस्क गेली, असं जो तो म्हणाला. बदलली. त्याच मॉडेलची नवी डिस्क, तेच दुखणं. मग केबल झाली, पॉवर सप्लाय झाला.

तुम्ही आईंच्या ऑपरेशनसाठी घरी आला होतात. दवाखान्याची धावपळ चालू असताना तुमच्या मामांच्या एका शब्दावर पेढीवर आलात, हे मी विसरणार नाही. आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर मागाल असं वाटलं होतं. तुम्ही आधी बॅकअप मागितलात. सगळी खतावणी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीत आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का तेही पाहिलंत. मग दोनच प्रश्न विचारलेत: थांबतं तेव्हा साधारण किती वेळ थांबतं, आणि दिवसात कधी थांबतं?

अर्धा मिनिट, असं आमचा ऑपरेटर म्हणाला, तशी तुम्ही मान हलवलीत. डिस्कला दिलेल्या हुकमाचं उत्तर 30 सेकंदांत आलं नाही, तर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो हुकूम बुडाला असं धरतो, डिस्कशी असलेली जोडणी रिसेट करतो आणि पुन्हा सांगून बघतो. म्हणजे मशीन अडकत नव्हतं, ते वाट बघत होतं. दुसरं उत्तर मला तरी विचित्र वाटलं होतं. ऐन गर्दीत कधीच अडकायचं नाही. सौदे उरकले, सगळे जेवून आले आणि पहिली पट्टी काढायला घेतली, की हमखास. तुम्ही म्हणालात, “काका, डिस्क कामाला कंटाळत नाही, तिला झोपेतून उठता येत नाही.”

मग कर्नेलचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडलात. ते सगळं तिथे लिहिलेलं होतं, तारीख-वेळेसकट: हुकूम फसला, फ्रोझन, हार्ड रिसेटिंग लिंक. इतके दिवस मशीन सांगत होतं आणि ते वाचणारं तुम्हीच पहिल्या भेटलात. त्यानंतर स्मार्टचे आकडे काढलेत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ते. केबल खराब असती तर 199 नंबरचा सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीचा, आकडा वाढत गेला असता. तो शून्यावर होता. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे कप्पे; बदललेले सेक्टर शून्य, वाचताना अडणारे पेंडिंग सेक्टर शून्य. मालाला किडीचा डाग नाही हे हळकुंड मोडून दाखवावं, तसं तुम्ही एकेक दाखवत गेलात.

डिस्क आणि मशीन यांच्यामधल्या, साटा नावाच्या जोडणीला काम नसेल तर वीज वाचवायला तिला झोपवतात. 2018 च्या जानेवारीत आलेल्या 4.15 कर्नेलमध्ये या झोपेची एक नवी पायरी आली, लॅपटॉपची बॅटरी जास्त पुरावी म्हणून. आमच्या छोट्या मशीनवर अपडेटनंतर तीच लागू झाली होती आणि या मॉडेलच्या फर्मवेअरला, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रामला, ती सोसत नव्हती. तुम्ही एका ओळीने झोप बंद केलीत, बूट झाल्यावर ती आपोआप बंद राहील अशी सोय केलीत, आणि त्या दिवसापासून पट्टी अडली नाही.

दुसरं कुणी असतं तर काम इथे संपलं असतं. तुम्ही आमची काढून ठेवलेली, ‘खराब’ ठरलेली डिस्क विश्रामबागला घेऊन गेलात. चालणारं कर्नेल आणि न चालणारं कर्नेल यांच्यामधले बदल निम्मे-निम्मे करत शोधलेत. हजार बदल असले तरी दहा वेळा निम्मे केले की एकावर बोट येतं, असं ऐकायला सोपं. पण दर वेळी कर्नेल नव्याने बांधायचं, मशीन निवांत सोडायचं आणि डिस्क उठते का ते बघायचं. दवाखान्यातून आल्यावर रात्री हे करत होतात, असं मामांनी नंतर सांगितलं.

आणि सापडल्यावर तो बदल काढून टाका असं तुम्ही म्हणाला नाहीत. त्याने हजारो लॅपटॉपचं भलं होतंय, म्हणालात, आपल्या डिस्कसाठी त्यांचं का बिघडवायचं? कर्नेलमध्ये डिस्क चालवणाऱ्या लिबएटा ड्रायव्हरमध्ये खोडकर डिस्कांचा एक तक्ता असतो; त्यात या मॉडेलची एक ओळ घालायचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, तुम्ही कर्नेल सांभाळणाऱ्यांकडे पाठवलात. ‘टेस्टेड-बाय’, म्हणजे तपासणारा, म्हणून खाली आमच्या ऑपरेटरचं नाव टाकलंत. आधी त्या पोराच्या हाताने पेढीच्या मशीनवर ते कर्नेल चालवून घेतलंत, दुपारभर निवांत ठेवून तपासायला लावलंत, आणि मगच नाव घातलंत. बारावी झालेला पोरगा तो. आता रोज सकाळी सौद्याआधी कर्नेलचा लॉग वाचतो, आणि शेजारच्या दोन पेढ्यांची मशीनंही तोच बघतो.

ती ओळ असलेलं कर्नेल गेल्या महिन्यात अपडेटमधून आलं. तुम्ही केलेली तात्पुरती सोय आम्ही काढली, मुद्दाम जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टी काढली. लगेच निघाली.

पैसे घेतले नाहीत ते नाहीतच. आईंसाठी दळून ठेवलेली हळद मामांकडे दिली आहे, तिला मात्र नाही म्हणू नका. आईंची तब्येत कशी आहे ते कळवा.

तुमचा,
मार्केट यार्डातला काका