‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणवून घेताना

महोदय,

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला आपण राजस्थानातील प्रसिद्ध पक्षी-उद्यानावरून कौतुकाने ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतो. हे बिरुद ऐकले की मला त्याच भरतपूरमधून नाहीसा झालेला सायबेरियन क्रौंच आठवतो. १९६०च्या दशकात तेथे हिवाळ्यात सुमारे दोनशे क्रौंच उतरत असत. २००२मध्ये शेवटची जोडी दिसली आणि पुढे एकही आला नाही. आणि ते राष्ट्रीय उद्यान होते, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होते, जागतिक वारसाही होते.

या पक्ष्याची बरीच शिकार अफगाणिस्तान व पाकिस्तानातून येताना वाटेवर झाली, हे खरे. दोन अंड्यांतून बहुधा एकच पिल्लू जगत असल्याने ही तूट भरून निघणे अवघड होते. पण भरतपूरचे पाणीही आटत गेले होते. शिवाय १९८२मध्ये गुराचराई बंद केल्यावर पाण्यावर गवत माजले. म्हशींच्या चरण्याने ते आटोक्यात राहत होते, हे मुंबईच्या ‘बीएनएचएस’च्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) प्रदीर्घ अभ्यासातून नंतर उमगले. पुढे गंभीर नदीवरील पांचना धरणाचे पाणी उद्यानाला द्यायचे की शेतीला, यावर वाद पेटला, तोवर क्रौंच गेलेले होते.

आज जगातले जवळजवळ सर्व सायबेरियन क्रौंच चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. उथळ पाण्यातल्या चिखलात चोच खुपसून पाणवनस्पतींचे कंद उकरणारा हा पक्षी आहे. पाणी खोल झाले की अन्न समोर असूनही त्याची चोच तिथवर पोहोचत नाही. २०१०च्या उन्हाळी पुरात हे कंदच वाढले नाहीत, तेव्हा क्रौंचांना ओल्या गवताळ माळांवर पोट भरावे लागले. अशा सरोवराच्या मुखाशी दरवाजे बसवून पातळी नियंत्रित करण्याची योजना पुढे येते, तेव्हा पक्षीतज्ज्ञ धास्तावतात ते याचमुळे.

नांदूर मध्यमेश्वर तर मुळात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा बंधारा आहे, आणि तेथील पाण्याची पातळी सिंचनाच्या आवर्तनांवर, म्हणजे कालव्यांना पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरते. शेतकऱ्याच्या हक्काच्या पाण्याला हात लावा, असे माझे म्हणणे नाही. मात्र आवर्तनाचे वेळापत्रक आखतानाच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जलाशयाची किमान आणि कमाल पातळी किती असावी, हे वन विभागाला विचारून लेखी ठरवावे, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत त्या विभागाचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जावे, एवढी माझी मागणी आहे.

— एक पक्षीनिरीक्षक, नाशिक