गुरुजी, बाबांच्या मडक्यातलं पाणी अजून झिरपतंय

आदरणीय गुरुजी,

जय गुरुदेव!

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्हाला ते आवडणार नाही, हे माहीत आहे. गावात तुमच्या सत्काराचं निघालं की तुम्ही शाल-श्रीफळाचे पैसे शाळेच्या कुंपणाला लावायला सांगता आणि विषय संपवता. पण चार वर्षं मनात साठलेलं तुमच्यासमोर उभं राहून मला कधी बोलता आलं नाही. गळा भरून येतो. म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी चैत्र संपता संपता बाबा गेले. पुण्याहून रात्रीची गाडी धरून मी सकाळी बडनेऱ्याला उतरलो. घरी पोहोचलो तेव्हा अंगणात सगळी तयारी झाली होती, फक्त माझीच वाट होती. तुम्ही फाटकाशी उभे होता. तुम्ही काही विचारलं नाही, माझ्या हातातली बॅग घेतली आणि मला आत मायजवळ नेऊन बसवलं. त्याआधीचे दोन पोळे मी गावी आलो नव्हतो. दोन्ही वेळा बाबा फोनवर म्हणाले होते, "कामाचं पाह्य, बैलं काय कुठी पळून जात नाहीत." त्या वाक्याचा अर्थ मला त्या सकाळी कळला.

मग तेरवीचा प्रश्न आला. नातेवाईक म्हणत होते, पोरगा पुण्याला नोकरीला आहे, गावजेवण झालंच पाहिजे. दवाखान्याचं देणं डोक्यावर होतं आणि तरी मी हो म्हणायच्या बेतात होतो, कारण बाबांसाठी जिवंतपणी जे केलं नाही ते एका दिवसात फेडून टाकावं असं वाटत होतं. तुम्ही मला बाजूला घेतलं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले, याची आठवण करून दिली. तेवढ्यानं मी ऐकलं नसतं. पण पुढे तुम्ही जे बोललात ते माझ्या काळजात रुतलं: "पुंडलिकानं वीट फेकली तवा त्याचे मायबाप जित्ते होते. तुही माय जित्ती हाय, बापू. तिच्या डोयाकडे पाह्यलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं. मायच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. फोनवर ती "बरं हाय" एवढंच सांगायची आणि ते ऐकून मी फोन ठेवायचो.

तेरवी घरच्या माणसांपुरती झाली. उरलेल्या पैशातून मायचं ऑपरेशन झालं, आणि त्या दिवशीही मी पुण्यातच होतो. तिला घेऊन तुम्ही गेलात, रात्री वऱ्हांड्यात बसून राहिलात, नंतर महिनाभर डोळ्यात थेंब टाकायची वेळ सांभाळलीत. तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला. म्हणाली, "डोयाले आता चांगलं दिसते. तुह्या बाबाचा फोटो केवढा धुरकटला व्हता, मले मालूमच नोहोतं." गुरुजी, पुण्याच्या त्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा होऊन रडलो.

अस्थींचं तुम्ही जसं केलंत तसं मला सुचलंच नसतं. मायचा जीव कौंडण्यपुरात होता. रुक्मिणीचं माहेर, वर्धेचा घाट; तिच्या सासऱ्यांच्या अस्थी तिथेच गेल्या होत्या. तुम्ही तिच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. अस्थी आपण वर्धेतच सोडल्या. राख मात्र नदीत टाकू नको म्हणालात. ती पोत्यात भरून आपण शेतात आणली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खणलेल्या अकरा खड्ड्यांत शेणखत-मातीत कालवली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे, भर उन्हात तापायला सोडलेले. माझ्या हाताला फोड आले होते. तिथेच, कुदळीला टेकून उभं असताना, तुम्ही मला ते सांगितलंत.

"या धुऱ्यावर तुह्या आबाजीनं लावलेले दोन आंबे होते. तुह्या बापानं थे इकले तवा तुही फी भरली."

मला आंबे आठवत होते. त्यांची सावली, वखर सोडून खाली जेवायला बसलेले बाबा. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाहून सुटीत आलो तेव्हा ते नव्हते. बाबा म्हणाले होते, उधई (वाळवी) लागली होती. मी ते खरं मानून विसरूनही गेलो. आबाजींनी लावलेलं झाड तोडताना बाबांना काय झालं असेल, हे त्यांनी मला कळू दिलं नाही. तुम्हाला माहीत होतं, आणि इतकी वर्षं तुम्ही ते पोटात ठेवलंत. माझ्या शिक्षणाचा हिशेब मी आतापर्यंत फक्त रुपयांत मांडत होतो.

मृग लागल्यावर रोपं लागली. कडुनिंब, चिंच, जांभूळ, आवळा, बेल, आणि दोन गावरानी आंबे. ते आंबे नर्सरीतले नव्हते, हेही तुम्ही नंतर सांगितलंत. मी चौथीत असताना बाबांनी शाळेत टोपलीभर आंबे आणले होते, आम्ही पोरांनी ते चोखून कोया शाळेच्या मागच्या आवारात पुरल्या होत्या, आणि त्यातली एक रुजली होती. त्याच झाडाच्या कोयीची ही रोपं. कोयीचं झाड हुबेहूब आपल्या मायसारखं निघत नाही, हेही तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. तरी ते त्याच घरचं आहे. तोडलेल्या आंब्याचं नातवंड आपण त्याच धुऱ्यावर परत आणलं.

ते शाळेतलं झाड मला फार आठवतं. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की तुम्ही खाऊ वाटायच्या आधी आम्हाला आवारातल्या रोपांभोवतीचं गवत काढायला लावायचे. मग सावलीत बसवून आष्टीची गोष्ट सांगायचे. वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्यापासून किती जवळ! १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला निघालेली शेतकऱ्यांची पोरं, आणि गोळीबार. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलं होतं. त्या उठावामागे आपल्या तुकडोजी महाराजांची भजनं होती आणि इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. पण गोष्ट संपली की तुम्ही पुस्तकातली मूलभूत कर्तव्यं उघडायला लावायचे. १९७६ साली घटनेत आलेलं कलम ५१क. झेंड्याचा आदर करणं त्यात आहे, आणि वनं, तळी, नद्या, वन्य जीव जपणं हेही त्याच यादीत आहे. तुम्ही दोन्ही ओळींवर बोट ठेवून घ्यायचे. लहानपणी गवत उपटण्याचा नि झेंड्याचा काय संबंध ते कळत नव्हतं. आता वरूड-मोर्शीकडे बोअरवर बोअर मारून पाणी किती खोल गेलं ते पाहतो, आणि पाणी नाही म्हणून गाव सोडणारी माणसं पुण्यात माझ्याच शेजारी राहायला येतात, तेव्हा संबंध दिसतो.

आईबापांना सांभाळणं मात्र त्या यादीत नाही. बहुधा लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलं नसावं. त्यासाठी २००७ साली वेगळा कायदा करावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांसाठी तुम्ही तो कायदा घेऊन उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत गेलात. त्याआधी चार वेळा त्यांच्या पोराच्या घरी जाऊन बसलात. घराचं नाव घेत नाही. आज ते बाबा पोराच्या घरात जेवतात, एवढं पुरे.

आता मडक्याचं सांगतो, कारण ज्यांना झाडं लावायची आहेत त्यांच्या उपयोगाचं आहे. मृगात लावलेली रोपं आपल्याकडे पावसात मरत नाहीत, ती मरतात मार्च ते मे. पारा पंचेचाळिशीकडे जातो, काळी माती आटते, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. वरून बादलीभर पाणी ओतलं तर ते भेगेतून सरळ खाली जातं. म्हणून त्या दिवाळीला तुम्ही प्रत्येक रोपाशेजारी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरायला लावलंत. भाजक्या मातीच्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं, मुळं त्या ओलीकडे वळतात, आणि चार-पाच दिवसांनी एकदा भरलं तरी चालतं. तोंडावर झाकण, म्हणजे उन्हानं उडत नाही आणि डासही होत नाहीत. रोपाच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा), भोवती पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण.

दहा मडकी बाजारातून आणली. अकरावं मायनं घरातून काढून दिलं. बाबांचं पाणी प्यायचं मडकं. "आता थंडं करत नाही, पण फेकाले जीव होत नाही," म्हणाली. आपल्याकडच्या जड पाण्यानं त्याची छिद्रं बुजली होती, ते पाझरणार कसं? तुम्ही ते रात्रभर भिजत घातलं. सकाळी मांडीवर पालथं घेऊन एका खिळ्याचं टोक बुडाशी ठेवलंत आणि नुसतं फिरवत राहिलात. हातोडी नाही, जोर नाही. लाल भुकटी तुमच्या धोतरावर पडत होती. अर्ध्या तासानं छिद्र पडलं. मग मायकडून बाबांच्या जुन्या धोतराची चिंधी मागून घेतली, पिळून तिची वात केली आणि त्या छिद्रात घट्ट बसवली. मडक्यात तांब्याभर पाणी ओतून ते उंच धरलंत. आम्ही तिघं बुडाकडे बघत होतो. वात ओली झाली, टोकाशी पाणी जमलं, आणि थेंब सुटला. माय काही बोलली नाही. तिनं हात पुढे करून दुसरा थेंब तळहातावर घेतला.

ते मडकं आंब्याजवळ आहे.

अकरापैकी सात झाडं जगली. दोन रोह्यांनी (नीलगायींनी) खाल्ली, एकाला खरोखरच उधई लागली, एक डवरणीत बैलाच्या पायाखाली गेलं. सात जगली ती तुमच्यामुळे. सत्तरी ओलांडलेल्या वयात, सायकलला दोन कॅन बांधून, दीड किलोमीटर, दर पाचव्या दिवशी, चार उन्हाळे. मला तुम्ही हे सांगितलं नाही. शेजारच्या शेतातल्या सालदारानं सांगितलं.

आणि माय. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाताना तुम्ही आमच्या दारावरून जाता आणि हाक मारता. बाबा गेल्यावर तिनं बाहेर पडणं बंद केलं होतं. त्या हाकेनं ती उठते, पातळ सारखं करते, निघते. बाबांची खंजिरी आता प्रार्थनेत आठवीतला एक पोरगा वाजवतो, हेही तिनंच कौतुकानं सांगितलं. मागच्या आश्विनात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तुम्ही तिला त्यांच्या आश्रमात, मोझरीला नेलंत. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी ती लाखोंची गर्दी जिथल्या तिथे स्तब्ध होते, तेव्हा लहानपणी बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे असायचे. माय म्हणाली, यंदा तिनं शेजारच्या कुणा अनोळखी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

यंदा अक्षय तृतीयेला मी गावात होतो, आणि जे पाहिलं त्यावरूनच हे पत्र लिहायचं ठरवलं. मायनं चिंचवणी, कुरड्या, पुरण, सगळं रांधलं. पितरांचा घट मांडला, बाबांच्या नावानं पूजा केली. मग तो भरला घट कडेवर घेऊन शेताकडे चालायला लागली. मी घेतो म्हटलं तर दिला नाही. आंब्याशी जाऊन झाकण काढलं आणि ते पाणी बाबांच्या मडक्यात ओतलं. तुम्ही तिथे आधीच कॅन घेऊन उभे होता, सणाच्या दिवशीसुद्धा. ती तुम्हाला म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मायबापाच्या नावानंबी एक घागर टाका नं." तुम्ही टोपी काढलीत आणि जांभळीच्या मडक्यात पाणी घातलंत. तुमचे डोळे मी तेव्हा पाहिले.

तुम्ही मला आभार मानू देत नाही, म्हणून एवढंच मागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. मायच्या दुसऱ्या डोळ्याची तारीखही मी त्याच दिवसांत घेतली आहे, या वेळी वऱ्हांड्यात मी बसेन. मेलेल्या चार झाडांच्या जागी खड्डे परत खणायचे आहेत, ते तुम्ही खणू नका. मी आल्यावर खणू. सायकलही तोवर सावलीत राहू द्या, पाण्याची सोय मी सालदाराशी बोलून केली आहे.

आणि शाळेतल्या झाडाला यंदा पाड लागलाय असं माय म्हणत होती. पोरांना आंबे खाऊ द्या, पण चार कोया माझ्यासाठी राखेत घोळून ठेवा.

तुमचा विद्यार्थी