ताईच्या एन्युरिझमचा निर्णय घेताना लाभलेल्या डॉक्टरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मेंदूतील धमनीवर ८ मिलिमीटरचा, न फुटलेला एन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, असल्याचे निदान झाल्यावर आम्ही अनेकांचा सल्ला घेतला. उपचारांमधील धोक्यांची तुलना नेमकी कशी करायची, हे मात्र आम्हाला आपणच समजावून दिले. अशाच पेचात सापडलेल्या इतर कुटुंबांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून आपले आभार खासगीत न मानता या पत्रातून मानत आहे.

आपल्याकडे येण्याआधी एके ठिकाणी आम्हाला कॉइलिंगचाच, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात तारेची वेटोळी भरण्याचाच, आग्रह झाला होता. आधार होता २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आयसॅट या मोठ्या चाचणीचा. वर्षभरानंतर मृत्यू ओढवलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण तिच्यात क्लिपिंगनंतर (कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी चिमटा लावल्यावर) सुमारे ३१ टक्के, तर कॉइलिंगनंतर सुमारे २४ टक्के होते. आकडे खरे होते, पण आपण ते ऐकताच विचारलेत, "हे रुग्ण कोणते होते?" ते सगळे एन्युरिझम फुटल्यानंतर उपचारांसाठी आलेले रुग्ण होते. रक्तस्रावाने आधीच इजा झालेल्या मेंदूवरची शस्त्रक्रिया आणि ताईसारख्या हिंडत्याफिरत्या माणसावरची शस्त्रक्रिया यांचे धोके एका मापाने मोजता येणार नाहीत, हे आपण दोन वाक्यांत स्पष्ट केलेत आणि तो कागद बाजूला ठेवलात.

मग रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपण तीन रकाने आखलेत: नुसते लक्ष ठेवणे, कॉइलिंग आणि क्लिपिंग. टक्केवारी लिहिण्याआधी प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर आपण 'कधी?' असे लिहिलेत. उपचाराचा धोका बहुतांशी पहिल्या काही दिवसांतच पत्करावा लागतो, तर लक्ष ठेवण्याचा धोका थोडाथोडा करून पुढच्या सगळ्या वर्षांवर पसरलेला असतो. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडून लहान कोणता एवढेच पाहिले, तर ती तुलनाच फसवी ठरते.

पहिल्या रकान्यासाठी आपण फेझेस ही गुणपद्धती वापरलीत. रुग्ण कोणत्या लोकसमूहातील आहे, रक्तदाब, वय, एन्युरिझमचा आकार, पूर्वी झालेला रक्तस्राव आणि एन्युरिझमची जागा यांवरून ती पद्धत एन्युरिझम फुटण्याचा धोका सांगते. एकोणपन्नाशीची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी ताई आणि मेंदूच्या मधल्या धमनीवरचा ८ मिलिमीटरचा एन्युरिझम मिळून ६ गुण झाले, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याची शक्यता सुमारे १.७ टक्के. शेजारच्या रकान्यांत आपण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणातील आकडे लिहिलेत. उपचारानंतरच्या ३० दिवसांत गुंतागुंत होण्याचे प्रमाण कॉइलिंगसारख्या रक्तवाहिनीतून करायच्या उपचारांत सुमारे ५ टक्के आणि कवटी उघडून करायच्या शस्त्रक्रियेत सुमारे ८ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण दोन्हींत अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. एवढ्यावरच थांबलो असतो, तर काहीच करू नये असे आम्ही ठरवले असते.

आपण थांबला नाहीत, आणि माझ्या मते आपले खरे उपकार इथेच आहेत. त्या ५ आणि ८ टक्क्यांत पूर्ण बरी होणारी तात्पुरती अशक्तताही धरलेली असते आणि कायमचा पक्षाघातही. उलट एन्युरिझम फुटला तर साधारण तिघांपैकी एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीचे आयुष्य परत मिळत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकेका टक्क्याचे वजन सारखे नाही. नुसते लक्ष ठेवलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत आणखी एक मेख असते, आणि ती आम्हाला आधी कोणीच सांगितली नव्हती: जे एन्युरिझम डॉक्टरांना धोकादायक वाटले, त्यांतल्या अनेकांवर उपचार होऊन गेलेले असतात, त्यामुळे मागे उरलेल्यांचा धोका मुळातच कमी दिसतो. शिवाय फेझेसमध्ये एन्युरिझमचा आकार मिलिमीटरमध्ये मोजला जातो, पण त्याची ठेवण मोजली जात नाही. अँजिओग्राफीच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या तपासणीच्या, चित्रावर पेनाचे टोक टेकवून आपण मुख्य फुग्याच्या कडेला आलेला मोहरीएवढा उंचवटा दाखवलात. असा उंचवटा असलेले एन्युरिझम फुटण्याची शक्यता अधिक असते, हे २०१२ साली जपानमधील मोठ्या पाहणीतून दिसून आले आहे. आमची आई एन्युरिझम फुटूनच गेली, ही गोष्टही त्या सहा गुणांत कुठेच नव्हती.

उपचार करायचा हे ठरल्यावरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपण स्वतः कॉइलिंग करता. तरीही ताईच्या एन्युरिझमचे तोंड रुंद आहे, तिथूनच धमनीला दोन फाटे फुटतात, नुसत्या कॉइल त्या जागी टिकणार नाहीत, स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) घालावा लागेल आणि मग रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे काही महिने एकत्र घ्यावी लागतील, हे आपण सांगितलेत. कॉइलिंगनंतर सुमारे पाचांपैकी एक एन्युरिझम काही प्रमाणात पुन्हा उघडतो आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांवर परत उपचार करावे लागतात. ताईच्या वयाचा विचार करता पुढची तीसेक वर्षे तपासण्यांचा हा फेरा चालू राहिला असता. नीट बसलेली क्लिप त्या मानाने फार टिकाऊ असते. "ही केस माझी नाही," असे म्हणून आपण आम्हाला न्यूरोसर्जनकडे पाठवलेत, आणि असे एन्युरिझम ते वर्षाला किती करतात व त्यांतल्या किती रुग्णांना कायमचे अपंगत्व आले, हे त्यांनाच विचारायला सांगितलेत. आम्ही विचारले, आणि त्यांनीही न रागावता उत्तर दिले.

क्लिपिंगनंतर काही महिने ताईला घास घेताना जबडा पुरता उघडता येत नव्हता आणि उजवी भुवई उचलता येत नव्हती. टक्केवारीच्या तक्त्यात सहसा न येणाऱ्या या तक्रारी आपण आधीच सांगून ठेवल्या होत्या, म्हणून आम्ही घाबरून गेलो नाही. आता दोन्ही तक्रारी गेल्या आहेत. तपासणीच्या अँजिओग्राफीत एन्युरिझम पूर्ण बंद झालेला दिसला आणि रक्तदाबही आटोक्यात आहे.

शेवटच्या भेटीत आपण माझाही विषय काढलात. आई आणि ताई अशी अगदी जवळच्या नात्यातील दोन माणसे झाल्यामुळे माझी एमआर अँजिओग्राफी करणे योग्य ठरेल, मात्र तीन-चार मिलिमीटरचे काही सापडले तर पुढे काय करायचे, याचा विचार तपासणीआधीच करून या, असे आपण बजावलेत. त्याप्रमाणे मी आणि पत्नीने मिळून आमचे तीन रकाने मांडले आहेत. पुढच्या महिन्यात ते घेऊन आपल्याकडे येतो.

आपला कृतज्ञ,
ताईचा धाकटा भाऊ