बटणं जागच्या जागी राहू द्या

मा. संपादक, स. न.

मी इंदूरला रामबागेत राहते, एका दुकानाचे हिशेब कॉम्प्युटरवर ठेवते. मागच्या महिन्यात आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, 'सेव्ह' होतं तिथे 'डिलीट' आलं, हात सवयीने तिथेच गेला आणि दिवसभराच्या पावत्या उडाल्या, अनडू, म्हणजे केलेलं मागे फिरवायची सोयच नाही. रात्री दहापर्यंत बसून सगळं परत टाकलं.

लोक म्हणतात नवीन शिकून घ्या. शिकतोच हो, पण आई मिसळणाचा डबा उघडते तेव्हा हळद कुठल्या वाटीत ते बघते का, हातच जातो तिकडे, तसंच आहे हे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं तर लोकांनी इतकी ओरड केली की २०१३ मध्ये ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये जुने मेन्यू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी आली, तेव्हाही खूप शोधाशोध झाली, पण सेव्हचं कंट्रोल-एस, अनडूचं कंट्रोल-झेड तेच राहिले म्हणून निभावलं. आणि सेव्हचं फ्लॉपीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या चौकोनी डिस्कचं चित्र बघा, माझ्या भाचीने फ्लॉपी कधी पाहिली नाही तरी बरोबर ओळखते, कारण ते चित्र बदललंच नाही इतकी वर्षं.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं हा आणखी एक त्रास, चाळिशीनंतर दिसतच नाहीत.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी, इंदुरातही पुष्कळ आहेत, एवढं करावं की 'डिलीट' 'सेव्ह'पासून लांब ठेवावं, चित्राखाली नाव लिहावं आणि अनडू हवंच हवं.

एक वाचक,
रामबाग, इंदूर