बग्गीखान्याचे घर झाले, वास्तू वाचली

महोदय,
आमच्या पेठेतील एका जुन्या वाड्याचा बग्गीखाना पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहणार, अशी चर्चा बरेच दिवस होती. मालकांनी तो न पाडता त्याचेच राहते घर केले, याचे मनापासून कौतुक वाटते. बग्गी आत यावी म्हणून ठेवलेली रुंद कमान त्यांनी विटांनी बुजवली नाही. तिथे सागवानी चौकट आणि काच बसवली, त्यामुळे दिवाणखान्यात दिवसा दिवा लावावा लागत नाही. घोडे बांधायच्या लोखंडी कड्याही जागच्या जागी आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिमेंटचा गिलावा टाळला. काळ्या दगडाची, चुन्यातली भिंत ओल शोषते आणि बाहेरही सोडते. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि दोष मात्र जुन्या बांधकामाला लागतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी सहज मिळत नाहीत, खर्चही वाढतो, हे मान्य.

राजर्षी शाहू महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसचा आपल्याला सार्थ अभिमान आहे; पण वाड्यावाड्यांतल्या पागा आणि गाडीखाने कुणाच्या खिजगणतीत नाहीत. महापालिकेने वारसा वास्तूंमध्ये त्यांचीही नोंद घ्यावी आणि मूळ बांधणी राखून दुरुस्ती करणाऱ्यांना घरफाळ्यात सवलत द्यावी.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर