पिना मारायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं टाकू नको, गावात चेष्टा होईल," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव टाकत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. आठ महिने जे मला जमत नव्हतं, म्हणजे वायरीच्या टोकाला पिन दाबून घट्ट बसवणं, ते तुम्ही पाऊण तासात हातात दिलंत, आणि ते फक्त मलाच अडलेलं असेल असं वाटत नाही.

तुम्ही आला होतात पन्नास अंड्यांचं उबवणी यंत्र घ्यायला. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो: थर्माकोल किती जाड, पंखा कुठं, ट्रे कलता करणारी मोटर कशी चालते. तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही झाकण उघडलंत आणि कंट्रोलरला जाणारा सेन्सरचा दोन पिनांचा पांढरा कनेक्टर बोटात धरून विचारलंत, "ह्या पिना कुणी मारल्या?"

"मीच."

"कशानं?"

"नोज प्लायरनं. वरून थोडं सोल्डर."

तुम्ही काही बोलला नाहीत. नुसतं अलगद ओढलंत, आणि वायर पिनेतून सुटून तुमच्या हातात आली. भावासाठी घासाघीस करणारी गिऱ्हाइकं खूप पाहिली होती. यंत्र खोलून तपासणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. पावसाळ्यात माझ्या एका यंत्रात बाराव्या दिवशी सगळी अंडी गेली. एकवीस दिवसांच्या कामात बारावा दिवस म्हणजे पिल्लू अर्धंअधिक तयार झालेलं. मी आधी विजेला दोष दिला, मग सेन्सरला, मग मनातल्या मनात त्या गिऱ्हाइकालाही. स्क्रीनवर 37.5 अंश स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे कनेक्टरवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. तुमच्या हातात ती वायर आली तेव्हा डोक्यात हिशेब सुरू झाला. हा सेन्सर 10 हजार ओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे याचा रेझिस्टन्स बदलतो; 10 हजार हा आकडा 25 अंशांचा. 37.5 अंशांना त्याचा रेझिस्टन्स साधारण 5,900 ओहम असतो, आणि तिथं एक अंशाचा फरक म्हणजे जेमतेम 240 ओहम. थंडी वाढली की रेझिस्टन्स वाढतो. मग ढिल्या, काळ्या पडलेल्या पिनेनं मध्येच 500 ओहमची भर घातली, तर कंट्रोलरला आत खऱ्यापेक्षा दोन अंश थंड आहे असं वाटणार आणि तो बल्ब चालूच ठेवणार. वर 37.5 दिसतंय आणि आत साडेएकोणचाळीस. दोन रुपयांच्या पिनेनं अंडी शिजवली, दुसरं काय.

क्रिम्पिंग, म्हणजे हे पिना मारणं, नीट करायला हवं हे मला कळत नव्हतं असं नाही. साधन मिळत नव्हतं. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन "क्रिम्पिंग टूल द्या" म्हटलं तर पहिल्या दुकानात इंटरनेटच्या केबलचं प्लग दाबायचं टूल पुढं आलं. दुसऱ्या दुकानात जाड वायरीच्या टोकाचे मोठे लग दाबायचं, ज्यात माझी पिन टाकली असती तर तिचा पत्रा झाला असता. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एकानं बरोबर ओळखलं, पण त्यानं काढलेल्या जपानी प्लायरचा भाव ऐकून मी चहा पिऊन परत फिरलो. खुद्द कनेक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या हँड टूलची किंमत तर शेकडो डॉलरमध्ये. म्हटलं, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. नोज प्लायर आणि सोल्डर झिंदाबाद.

आणि मग चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या हार्नेस लाइनवर चौदा वर्षं पिना मारलेली बाई माझ्या मंचरच्या शेडमध्ये येऊन स्टुलावर बसली.

मला वाटलं होतं तुम्ही टूलचं नाव सांगाल. तुम्ही आधी वायर मागितलीत. मी घरगुती अर्ध्या स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) फ्लेक्झिबल वापरत होतो, कारण ती घरात पडलेली होती. माझा कनेक्टर एक्सएच जातीचा, आणि त्याची ही पिन 28 ते 22 गेजच्या वायरीसाठी; गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. अर्धा स्क्वेअर म्हणजे जवळपास 20 गेज. ती बसत नाही म्हणून मी चार-पाच तारा कात्रीनं उडवून बाकीच्या कोंबायचो. हे सांगताना तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! "लाइनवर असं केलं असतं तर सुपरवायझरनं तिथंच घरी पाठवलं असतं," म्हणालात. त्या दिवसापासून 7/36 वापरतो. सात बारीक तारा, सगळ्या मिळून 0.2 स्क्वेअर, म्हणजे 24 गेज. एकही तार कापावी लागत नाही आणि दुकानदारालाही 7/36 म्हटलं की लगेच कळतं.

मग पिन. माझ्या डबीत एक्सएच, रिलिमेट आणि बर्ग या तीन जातींच्या कनेक्टरच्या पिना एकत्र होत्या, कारण तिन्हींत दोन पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि माझ्या डोळ्यांना त्या सारख्याच. भिंग लावून तुम्ही मला पिनेचे कान दाखवलेत. पुढचे दोन कान तांब्याला धरायचे, मागचे दोन वरच्या प्लास्टिकला. पुढचे कान वळून मधोमध तारांमध्ये घुसले पाहिजेत, इतके घट्ट की आत हवेला जागा उरू नये. मागचे कान नुसता आधार देतात, पण वायर हलली की ताण त्यांनी घ्यायचा असतो. माझी ट्रेची मोटर दिवसभर वायर हलवते. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथं वायर काडीसारखी कडक होते आणि जिथं ते सोल्डर संपतं नेमकी तिथंच तुटते. गंमत म्हणजे एक्सएच बनवणाऱ्या जेएसटीच्या (जपान सोल्डरलेस टर्मिनल) नावातच "सोल्डरलेस" आहे. इतकी वर्षं ते नाव वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

टूलचं तुम्ही सगळ्यात शेवटी बोललात, आणि तेही एका वाक्यात: "साधं रॅचेटवालं एसएन-28बी घे, पण पिन घेऊन जा आणि दुकानातच मारून बघ." साडेबाराशेला मिळालं. रॅचेटचा फायदा मला हातात धरल्यावर कळला. पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही, त्यामुळे दमलेल्या हाताची पिनही ताज्या हाताच्या पिनेइतकीच दाबली जाते.

तरी पहिल्या वीस पिना वाया गेल्या. हे टूल मुळात बर्गच्या पिनांच्या मापाचं, त्यामुळे एक्सएचचे मागचे कान त्यात जरा फुगून येतात आणि पिन हौसिंगमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात, शिरत नाही. तुम्हाला फोन केला. तुम्ही पोळ्या लाटत होतात बहुतेक, लाटण्याचा आवाज येत होता. "मागचे कान आधी नोज प्लायरनं थोडे आत वळव. पिन सगळ्यात लहान खाचेत ठेव, रॅचेट एक-दोन दात दाब म्हणजे पिन जागेवर राहील. मग वायर घाल, मग पूर्ण दाब." वायर अडीच मिलिमीटरच सोलायची, तारांची टोकं पुढच्या कानांतून किंचित डोकवायला हवीत, आणि प्लास्टिक त्या कानांखाली जाता कामा नये. एकविसावी पिन टक् आवाज करून हौसिंगमध्ये बसली. मागं ओढली, हलली नाही.

लाइनवर तुम्ही क्रिम्पची उंची मायक्रोमीटरनं मोजायचात आणि ओढून बघायला मशीन होतं. माझ्याकडे पाण्याची बाटली आहे. दर पन्नास पिनांमागे एक पिन काढून तिच्या वायरीला एक लिटरची भरलेली बाटली टांगतो. ही तपासणी तुमच्या लाइनवर चालली नसती हे ठाऊक आहे, पण माझ्या जुन्या पिना तर रिकामी बाटलीही धरत नव्हत्या.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी पटत नाही. जपानी प्लायर म्हणजे पैशाची नासाडी, असं तुम्ही म्हणालात. इंजिनिअर कंपनीच्या पीए-09 ला 1.0, 1.4, 1.6 आणि 1.9 मिलिमीटरचे जबडे आहेत; पुढचे कान एका जबड्यात, मागचे दुसऱ्यात, असं दोन वेळा दाबायचं. हळू काम आहे, पण एक्सएचहून बारीक पिना माझ्या रॅचेटमध्ये चिरडतात. तसलं काम आलं की मी तो घेणार आहे, तुम्ही रागावलात तरी. सुरुवात करणाऱ्यानं मात्र साडेबाराशेच घालावेत आणि उरलेले चांगल्या पिनांवर. फॉस्फर ब्राँझवर कथिलाचा मुलामा असलेली पिन आणि ती पातळ पितळेची स्वस्त पिन यांतला फरक टूल भरून काढत नाही, हे तुमचंच वाक्य.

जुन्या अकरा गिऱ्हाइकांकडे जाऊन कनेक्टर बदलून आलो. ज्याची अंडी गेली होती त्याच्याकडे सगळ्यात आधी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, आलाच आहेस तर पंख्याचाही बघ.

तुमचं यंत्र तयार आहे. त्यातल्या चौदाही पिना मी मारल्यात, एकीलाही सोल्डर नाही. झाकण उघडून ओढून बघा, त्याशिवाय पैसे देऊ नका. तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय. रविवारी यंत्राबरोबर घेऊन येतो.

तुमचा,
मंचरचा उबवणीवाला